लिहून लिहून आलेला थकवा सुट्टी घेऊनही जात नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात दिवसभर नोकरी, रात्री दहानंतर लेखन, मधेच भाषांतराची कामं आणि जुलै-ऑगस्ट आला की दिवाळी अंकांच्या मजकुराची घाई. रविवारी दिवसभर मोबाईल घेऊन लोळत पडलं तरी सोमवारी डोकं जडच. ताजंतवानं व्हायला नेमकं काय करावं?

रविवारी तुम्ही अंगाला सुट्टी देता, शब्दांना देत नाही. मोबाईलवर दिवसभर असतं काय? बातम्या, निरोप, प्रतिक्रिया, व्हिडिओखालच्या ओळी. म्हणजे वाचनच. आणि लिहिणाऱ्या माणसाला नुसतं वाचता येत नाही. वाक्य दिसलं की ते मनातल्या मनात दुरुस्त व्हायला लागतं. गवंड्यानं सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्याची भिंत बांधून द्यावी तसा हा प्रकार आहे. म्हणून झोप, व्यायाम, सहल या सगळ्याच्या आधी मी शब्दांचा उपास सांगेन.

रविवारी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत काहीही वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोललेलंही शक्यतो ऐकत बसायचं नाही. मोबाईलचं इंटरनेट बंद, फोन फक्त येणाऱ्या कॉलसाठी चालू, आणि तो दुसऱ्या खोलीतल्या कपाटावर. टेबलावर उपडा ठेवून भागत नाही, हात जातोच. वर्तमानपत्र दारातून घडी न उलगडता आत ठेवा. घरच्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर ‘तब्येत बरी नाही का?’ याचं उत्तर देण्यात सकाळ जाईल. हा उपास बहुतेकांचा पहिल्या तासातच मोडतो, कारण हात रिकामे असतात. रिकाम्या हाताचा माणूस साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून काढतो. तेव्हा हातांना काम आधीच ठरवून ठेवा.

लसूण सोलणं हे त्यासाठी अगदी योग्य काम आहे, आणि कांदा-लसूण चटणीच्या गावात ते वायाही जात नाही. पाव किलो लसूण घ्या. गड्डे फोडून पाकळ्या सुट्या करा, चमचाभर तेल चोळा आणि तासभर उन्हात ठेवा. साल कडक होते, जाड फडक्यात घालून चोळलं की निम्म्या पाकळ्या आपोआप मोकळ्या होतात. उरलेल्या एकेक हातानं. पावसाळ्यात ऊन नसेल तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता, रंग बदलायच्या आत उतरवा. पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून सोलणं सोपं पडतं, पण चटणीच्या लसणाला ते चालत नाही. पाण्याचा अंश राहिला की चटणीला बुरशी येते. बोटांना आधी तेलाचा हात लावा, नाहीतर नखांच्या कडेला चुरचुरतं. पाकळीच्या टोकाला नख लावायचं, साल एका ओढीत निघते का बघायचं, पुढची घ्यायची. काम अगदी सोपंही नाही आणि विचार करावा इतकं अवघडही नाही, म्हणून डोकं निवांत होतं. लसूण आवडत नसेल तर वालपापडी निवडा, सायकल पुसा, कुंड्यांची माती हलवा. शब्दकोडं मात्र नको.

चालायचं असेल तर रंकाळा तलाव आहेच, पण वेळ सांभाळा. संध्याकाळी चौपाटीच्या बाजूला भेळेच्या गाड्या, ओळखीची माणसं, ‘सध्या काय लिहिताय?’ हा प्रश्न, यात विश्रांती मिळत नाही. पहाटे सहाच्या सुमारास जा. चाळीस मिनिटं चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. पहिली दहा मिनिटं कालचीच वाक्यं डोक्यात घोळतात, ती घोळू द्यावीत. पुढे श्वास लागायला लागला की ती आपसूक मागं पडतात. कानात मुलाखती, भाषणं लावून चालू नका, तेही वाचनच झालं. डोळ्यांना एखादं ठरलेलं काम द्या. तळ्यातला संध्यामठ पाऊसकाळात पाण्यात बुडत जातो आणि पाणी उतरलं की पुन्हा वर येतो. आज दगडी बांधकाम पाण्याच्या किती वर आहे, एवढं रोज बघायचं. खिशात चिठ्ठी आणि पेन्सिल असू द्या. काही सुचलंच तर फक्त दोन शब्द टिपा, वाक्य नको. वाक्य लिहायला थांबलात की फेरी तिथंच संपली.

ऐकायचं काय, हाही प्रश्न आहे. चित्रपटगीतं लेखकाला विसावू देत नाहीत, लक्ष शब्दांवर जातं. शास्त्रीय गायनातल्या ख्यालाचं तसं नाही. बंदिशीच्या दोन-चार ओळी अर्धा तास आळवल्या जातात, काही वेळानं शब्दाचा अर्थ गळतो आणि नुसता नाद उरतो. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ याच शहरात, शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते, आणि 1883 पासूनचा गायन समाज देवल क्लबही इथलाच. तेव्हा मैफिलीची जाहिरात दिसली तर जरूर जा. घरी ऐकताना दिवा मंद करा, एकच राग लावा, मधे बदलू नका. मन लागत नसेल तर सरोद किंवा सतारीपासून सुरुवात करा.

आता कामाच्या दिवसांचं. इथला थकवा बहुतेक डोळ्यांचा आणि मानेचा असतो, तो डोक्याचा वाटतो इतकंच. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडची एखादी वस्तू वीस सेकंद बघा, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही चालेल. जवळचं बघताना डोळ्यातला जो स्नायू आवळलेला असतो, तो लांब बघितल्यावर सैल पडतो. बघताना मुद्दाम पापण्यांची उघडझाप करा, कारण स्क्रीनपुढे ती कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक रचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. पण मग कीबोर्ड वेगळा घ्यावाच लागेल. नाहीतर मान वाचते आणि मनगटं जातात. कोपर काटकोनात आणि खांदे खाली, एवढं जमलं तरी पुष्कळ.

नोकरीवरून आल्यावर लिहायला बसण्याआधी पाच मिनिटं श्वास: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असे साधारण तीस. सोडलेला श्वास लांब असला की हृदयाचे ठोके मंदावतात. जोर लावून छाती भरू नका. जास्त हवा आत-बाहेर झाली की चक्कर येते आणि लोक म्हणतात प्राणायाम सोसत नाही.

सुट्टीच्या दुपारी डुलकी घ्यायची असेल तर तीनच्या आत, गजर पंचवीस मिनिटांचा. त्यातली पाच डोळा लागायला जातात. अर्ध्या तासापुढे गेलात की गाढ झोप लागते, तिच्यातून मधेच उठलात तर तासभर डोकं बधिर राहतं. चहा चारनंतर बंद करा असं मी आग्रहानं सांगेन. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात असतो, म्हणजे रात्री नऊचा कप मध्यरात्रीनंतरही जागाच असतो. रविवारी रात्री तांबडा-पांढरा रस्सा होणार असेल तर जेवण आठच्या आत उरका. तिखट आणि तेलाच्या जेवणावर लगेच आडवं झालं की घशाशी येतं, आणि सोमवारचा जडपणा तिथूनच सुरू होतो.

झोपायच्या तासभर आधी बादलीत कोमट पाणी, घोटे बुडतील इतकं, पंधरा मिनिटं पाय सोडून बसा. हाताला सोसेल तेवढंच गरम. मधुमेह असेल तर पायाला चटका कळेलच असं नाही, तेव्हा पाणी घरातल्या दुसऱ्या कुणालातरी बघायला सांगा. पायाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या की आतली ऊब बाहेर पडते, शरीर थंडावतं आणि झोप येते. मीठ घातलं न घातलं, फारसा फरक नाही. त्याच वेळी उद्याची कामं कागदावर उतरवून काढा. उशीवर डोकं टेकल्यावर उजळणी होते ती न लिहिलेल्या कामांची.

महिन्यातून एकदा पन्हाळा, जेमतेम वीस किलोमीटर. सकाळी सहाला निघा, अंबरखान्याच्या, म्हणजे गडावरच्या जुन्या धान्यकोठाराच्या, जाड भिंतींच्या गारव्यात उभे राहा, सज्जाकोठीपर्यंत चाला, दहाला परत. माहितीफलक वाचू नका, तो इतिहास पुढच्या खेपेला. ऐन पावसात धुकं दाट असेल तर दुचाकी काढू नका, त्या दिवशी लसूणच बरा.

बोटांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, किंवा हे सगळं करूनही तीन आठवडे झोप लागत नसेल, लिहायचीच नव्हे तर कशाचीच इच्छा होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. मनगटाची नस दबलेली असू शकते, थायरॉईड असू शकतं, मनाचा आजार असू शकतो. नुसत्या विश्रांतीनं यातलं काही बरं होईलच असं नाही.

आणि रोज रात्री थांबताना परिच्छेद पुरा करून थांबू नका. पुढचं वाक्य काय आहे हे पक्कं ठाऊक असताना, ते अर्धं लिहून उठा. समासात पेन्सिलनं पुढचे दोन शब्द टिपून ठेवा, म्हणजे झोपेत ते सांभाळावं लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर पहिली वीस मिनिटं जात नाहीत.