इस्टिमेटमध्ये न लिहिलेला क्लच

जुळे सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वय ३१, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पर्चेस बघतात. हातात पगार ४४,०००, बायकोच्या शिकवणीचे ९,००० वेगळे. घरात आई-वडील आणि दोन वर्षांची मुलगी. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, तिचं कर्ज फिटलंय. पुण्याच्या एका गॅरेजनं तिला टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) बसवून द्यायचे २ लाख ७५ हजार सांगितलेत. १ लाख ८० हजारांच्या एफडीतून ७५ हजार काढायचे आणि उरलेल्या दोन लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घ्यायचं, असा बेत आहे. दहा हजार टोकन देऊन झालंय. "हौस आहे, पण चूक तर करत नाही ना?" असं विचारलंय.

करताय. पण हौसेची चूक नाही, हिशेबाची आहे, म्हणून हौसेवर मी काही बोलणार नाही. १९९९ साली मी जुन्या मारुती ८०० मध्ये गाडीच्या लायकीपेक्षा महागडा डेक बसवला होता. विकताना घेणाऱ्यानं त्याचा एक रुपया धरला नाही, वर "वायरिंग कापलंय" म्हणून दोन हजार कमी केले.

तुम्ही इस्टिमेटचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. माझ्या ओळखीचे एक मेस्त्री तीस वर्षं इंजिनकाम करतात, त्यांना तो दाखवला. टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारा), इंजेक्टर, पाइपिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यूनिंग, मजुरी, असं सगळं त्यात आहे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "क्लचच लिहिला नाही की ओ यात." मग बोट ठेवत ठेवत एकेक सांगत गेले.

तुमचं इंजिन ८३ पीएस ताकदीचं. ते बाहेरची हवा आहे त्या दाबानं ओढून घेतं, आणि कंपनीनं त्याचं काँप्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) अकराच्या आसपास ठेवलंय ते तेवढ्याच हवेचा हिशेब करून. टर्बो सायलेन्सरकडं निघालेल्या गरम वायूवर फिरतो आणि जास्तीची हवा कोंबतो. दाबलेली हवा तापते. आधीच जास्त असलेल्या काँप्रेशनमध्ये ही तापलेली हवा गेली, की पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि इंजिन ठोके मारतं. तसं बराच वेळ चाललं तर पिस्टन जातो. म्हणून एक तर टर्बोचा दाब अगदी कमी ठेवायचा, म्हणजे पैसे देऊन फरक थोडाच पडणार, नाही तर पिस्टन बदलून काँप्रेशन उतरवायचं. तुमच्या कागदात पिस्टन नाहीत. वर आपलं सोलापूर. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं जातो, तेव्हा इंटरकूलरवर येणारा वारासुद्धा गरमच असतो. पुण्यात पावसाळ्यात केलेलं ट्यूनिंग आपल्याकडं मे महिन्याच्या दुपारी तसंच चालेल, हे मेस्त्रींना मान्य नाही.

टर्बोला इंजिनचंच ऑइल लागतं, त्यामुळं ऑइल लवकर बदलायचं. वाढलेला टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवायची ताकद, क्लचप्लेटला सोसत नाही, ती घसरायला लागते. मोठा रेडिएटर, ब्रेक आणि ट्यूनिंगसाठी पुण्याच्या चार-पाच फेऱ्या, प्रत्येक वेळी जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. हे सगळं धरून, पिस्टनला हात न लावता, मी खर्च ३ लाख ४० हजार मांडतो. दोन लाखांच्या लोनचा हप्ता ६,८३५ बसतो, तीन वर्षांत सुमारे ४६ हजार व्याज. एकूण ३ लाख ८६ हजार. डीलरनं तुमच्या गाडीची किंमत सव्वाचार लाख सांगितली असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे एका स्विफ्टच्या पोटात जवळजवळ दुसरी स्विफ्ट घालायची, आणि विकताना किंमत पहिल्या स्विफ्टपेक्षाही कमी येणार.

आता कायद्याचं. गॅरेजवाला याबद्दल कधी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आली. तुम्ही म्हणता, मित्रानं सीएनजी बसवलं, त्याला कोणी विचारलं नाही. कारण मान्यताप्राप्त सीएनजी किटची आरसीवर नोंद होते आणि विमा कंपनीलाही ती कळवता येते.

दंडापेक्षा मला विम्याची धास्ती आहे. न कळवलेला बदल सर्व्हेअरला बॉनेट उघडताच दिसतो. स्वतःच्या गाडीचा क्लेम गेला तर चार लाखांवर पाणी. पण समोरचा माणूस दगावला तर त्या थर्ड पार्टी भरपाईला वरची मर्यादा नसते, आणि विमा कंपनी ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायला कोर्टात उभी राहू शकते. तुमच्या पत्रात टर्म इन्शुरन्सचा शब्द नाही, आई-वडिलांच्या मेडिक्लेमचा नाही. पाच माणसांच्या घरामागे १ लाख ८० हजारांची एक एफडी आहे, आणि तीच मोडायला निघालात.

तेव्हा टोकन परत मागा. नाही दिलं तर दहा हजार गेले असं समजा, ते वाचवायला तीन लाख घालू नका. एफडीला हात लावू नका. हप्ता तुम्हाला परवडतो असं तुम्हीच म्हणता ना? मग तेच ६,८३५ येत्या महिन्यापासून आरडीत टाका. वर्षात व्याज सोडून ८२ हजार होतात. दरम्यान टर्म पॉलिसी आणि आई-वडिलांचा मेडिक्लेम उरकून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळं "महाग आहे" ही सबबही थोडी पातळ झाली.

वर्षानंतरही टर्बोचं वेड राहिलं, तर कंपनीनंच टर्बो बसवलेली गाडी घ्या. स्विफ्टचे जे येतील ते, आरडी, आणि गरज पडलीच तर छोटं कारलोन. ते पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतं. सेकंडहँडमध्ये पोलोची १.० टीएसआय आणि अल्ट्रोझची आय-टर्बो ११० पीएसच्या आहेत, आय-२० टर्बो १२० ची. त्यांचं पिस्टन, क्लच, कूलिंग टर्बो धरूनच केलेलं आहे, आणि आरसीवर काही लपवायचं नाही. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलंय, तेव्हा ती घेताना सर्व्हिस रेकॉर्ड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नवीच घ्यायची झाली तर चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटीही त्याच तारखेपासून १८ टक्के झालाय, आणि एक लिटरची टर्बो त्यात बसते.

आणि एक. भिगवणच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना गाडी "मरते" असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या इंजिनचा पूर्ण टॉर्क ४,२०० आरपीएमला येतो. तुम्ही तेव्हा पाचव्या गिअरमध्ये असता का? पुढच्या वेळी आधी तिसरा टाका, मग दाबा. फुकट आहे.

तोवर त्या गॅरेजवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न पाठवा: "टर्बो आरसीवर चढवून देता का?" काय उत्तर आलं ते मला कळवा.