वाचकांचे प्रश्न : आयोवातलं जुनं खरेदीखत कसं वाचायचं?

प्रश्न : आयोवा राज्यातल्या १८५० च्या दशकातल्या एका खरेदीखतात जमिनीचं वर्णन असं आहे : 'ईशान्य चतकोर, नैर्ऋत्य चतकोराचा, सेक्शन १६, टाउनशिप ८३ उत्तर, रेंज १५ पश्चिम.' ही जमीन नेमकी किती आणि कुठली? पहिली सरकारी नोंद कुठे शोधावी?

उत्तर : वर्णन शेवटाकडून वाचा. आयोवाची मोजणी 'पाचव्या मुख्य रेखावृत्ता'पासून झाली आणि तिची पायारेषा, म्हणजे जिथून उत्तर-दक्षिण अंतर मोजतात ती पूर्व-पश्चिम रेषा, पार खाली आर्कान्सात आहे. त्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला पंधरावा रकाना (रेंज), पायारेषेच्या उत्तरेला त्र्याऐंशीवी ओळ. दोन्ही जिथे मिळतात तो ६ मैल बाजूचा चौकोन म्हणजे टाउनशिप. त्यात एकेक मैलाचे ३६ सेक्शन. क्रमांक ईशान्य कोपऱ्यात सुरू होतात, पश्चिमेकडे ६ पर्यंत जातात, खालच्या ओळीत ७ पासून उलट पूर्वेकडे. नांगर शेताच्या टोकाला वळतो तसे. म्हणून १६ क्रमांक तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून चौथा.

सेक्शन ६४० एकर, चतकोर १६०, चतकोराचा चतकोर ४०. मोजणीची साखळी ६६ फुटांची. ८० साखळ्यांचा मैल, १० चौरस साखळ्यांचा एकर. तुमचा तुकडा २० बाय २० साखळ्यांचा आहे. उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत मात्र हे गणित चुकतं. रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येतात. ती घट आणि मोजणीतल्या चुका मुद्दाम त्या दोन कडांवर ढकलल्या जात. तिथे मूळ नकाशावर लिहिलेले एकरच धरा.

पहिल्या नोंदीत बहुतेकजण फसतात ते इथे. सेक्शन १६ शाळांसाठी राखीव असे. ते केंद्र सरकारच्या जमीन कचेरीने विकलेलं नसतं, राज्याने शाळा निधीसाठी विकलेलं असतं. तेव्हा शालेय जमिनींच्या नोंदी मागा.

प्रश्न : ही जमीन १६० एकर फुकट देणाऱ्या कायद्याखाली मिळाली असेल का?

उत्तर : नाही. तो कायदा १८६२ चा. तोवर आयोवातली बहुतेक सरकारी जमीन विकून झाली होती, साधारण एकरी सव्वा डॉलरने. ब्लॅक हॉक या सॉक पुढाऱ्याशी झालेल्या युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी या मूलनिवासी लोकांकडून घेतलेली पूर्वेकडची पट्टी १ जून १८३३ ला खुली झाली, पण सरकारी लिलाव १८३८ मध्ये. मधल्या काळात लोक मोजणीआधीच येऊन बसले आणि लिलावात आपल्या तुकड्यावर दुसऱ्याने बोली लावू नये म्हणून त्यांनी 'क्लेम क्लब', म्हणजे एकमेकांचा हक्क राखणारी मंडळं, काढली. मेस्क्वाकींनी तर १८५७ मध्ये टामा काउंटीत ८० एकर रोख पैसे मोजून परत विकत घेतले.

प्रश्न : जमीन इतकी सुपीक, तरी पहिल्या वर्षीचं पीक इतकं कमी का?

उत्तर : गवताच्या मुळांमुळे. माळ मोडायला जड नांगराला बैलांच्या तीन ते सहा जोड्या लागत आणि नांगराचं तास दोन-तीन इंचच खोल घेत, म्हणजे उलटलेली ढेकळं कुजतील. वेळ साधारण मे मध्य ते जून अखेर. लवकर मोडलं तर गवत पुन्हा फुटे, उशीर झाला तर हिवाळ्याआधी कुजत नसे. त्या वर्षी कुऱ्हाडीने चीर पाडून मका टोचत आणि टाचेने दाबत. मिळेल ते घेत. खरी मशागत दुसऱ्या वर्षी. जॉन डीअर या लोहाराच्या १८३७ च्या गुळगुळीत पोलादी फाळाचा उपयोगही मुख्यतः तेव्हाच : चिकट काळी माती बिडाच्या फाळाला धरून बसे, पोलादावरून सुटून जाई.