भुरीसाठी खाण्याचा सोडा आणि साबणाचं पाणी फवारलं, आता काकडीची पानं कडेनं करपली आहेत. प्रमाण किती घ्यायला हवं होतं? पुन्हा फवारू का?

पुन्हा फवारू नका. हे आधी सांगते, कारण मी नेमकं तेच केलं होतं.

सहा वेल होते, पहिली फुलं नुकतीच आलेली. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले, म्हणजे भुरी, पानांवरची बुरशी, आणि मी दादाला फोन केला. दादा म्हणजे आमच्या घरातलं बागेचं सर्वोच्च न्यायालय. तो म्हणाला, "औषधबिवषध काही आणू नकोस. लिटरला दोन चमचे सोडा, वर भांड्यांचं लिक्विड. आपण खातो तो सोडा, पानाला काय होणार आहे?" मी तिसरा चमचा टाकला, जरा जोरात बसावं म्हणून. हा चमचा माझा, तो दादाच्या माथी मारत नाही. फवारलं तेही भर दुपारी.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत झाल्या. दादाचं निदान: "रोग वाढलाय, आणखी एक हात मार." मारला. आठवड्यात पाच वेल गेले.

सहावा वेल कठड्यापलीकडे उतरला होता, तिथे पंप पोचत नव्हता. त्याच्यावर भुरी होतीच, उलट जास्त होती. पण पानं हिरवी राहिली आणि त्याला काकड्याही लागल्या. आता सांगा, पाच वेल रोगानं मारले की आम्ही?

भुरी पान हळूहळू पिवळं पाडते. कडा आणि टोकं आधी जाळत सुटत नाही. फवारा ओघळून तिथेच साचतो, उन्हात पाणी उडतं, क्षार मागे राहतो आणि पेशींतलं पाणी ओढून घेतो. भांड्यांचं लिक्विड तर तेलकटपणा काढायलाच बनवलेलं असतं, ते पानावरचा मेणाचा थर कसा सोडेल? वर सोड्यातलं सोडियम मातीत उतरतं. कुंडीत ते साचत जातं.

प्रमाण विचारलंत: लिटरला एक सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम. तेही आधी दोन पानांवर मारून दोन दिवस वाट बघायची, आणि ऊन उतरल्यावर. शिवाय सोड्यानं पसरलेली भुरी फारशी मागे हटत नाही, नवी लागण तेवढी रोखली जाते. सोडियमऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर ते बरं. आत्ता मात्र साध्या पाण्यानं पानं खालून-वरून धुवा आणि पूर्ण वाळलेली तेवढीच काढा. अर्धी हिरवी पानं ठेवा, वेल त्यांच्यावरच जगणार आहे. पान ओलं केलं तर भुरी वाढेल ही भीती नको. या बुरशीला रुजायला ओलं पान लागत नाही, दमट हवा पुरते. उलट पानावर साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. हे दादाला आजही पटत नाही.

याचा अर्थ दुकानातलं सगळं निर्धोक असा नव्हे. भुरीवर मारतात ते गंधकसुद्धा 32 अंशांच्या वर पानं जाळतं, काकडीवर्गातल्या काही वेलींना तर एरवीही सोसत नाही. तेलाचा फवारा आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर हवंच, मग ते तेल कडुनिंबाचं का असेना. आणि ठिपके पानाच्या खालच्या बाजूला, वरून पिवळे चौकोनी डाग, असं असेल तर ती भुरी नाही, केवडा नावाचा दुसरा रोग आहे. मग वरचं सगळं सोडून द्या.

दादाला मी त्या सहाव्या वेलाचा फोटो पाठवला होता. त्याचं उत्तर आलं, "त्याला ऊन कमी लागतं, म्हणून वाचला." चार वर्षं हेच ऐकते आहे. दादा, वाचत असशील तर: त्या वेलावर सकाळी आठ ते दुपारी दोन ऊन असायचं. बाकीच्या पाचांवरही तेवढंच.