साताऱ्याच्या वाड्यात सापडलेला जुना जहाजी क्रोनोमीटर (जहाजावरचं अचूक घड्याळ) किल्ली देऊनही चालत नाही. बिघडलाय का?

बहुधा नाही, हे यंत्र नुसत्या किल्लीने सुरूच होत नाही, पेटी सपाट धरून पाव फेरा झटकन फिरवावी लागते. यातल्या डिटेंट एस्केपमेंटमध्ये, म्हणजे स्प्रिंगची ताकद टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या यंत्रणेत, बॅलन्स चाकाला (मागे-पुढे फिरून वेळ मोजणारं चाक) पूर्ण येरझारीत एकदाच धक्का मिळतो, तोही ते आधीच हलत असेल तर. घर्षण इतकं कमी, म्हणूनच वेळ एवढी अचूक! चालू झालं की सेकंदकाटा अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने उडी मारताना दिसेल. मी सांगलीत घड्याळं दुरुस्त करतो; माझ्याकडे आलेले दोन्ही क्रोनोमीटर ‘बंद पडलेत’ म्हणूनच आले होते. मात्र वर्षानुवर्षं पडून असेल तर तेल वाळलेलं असणार. तेव्हा आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, नाहीतर आसांची बारीक टोकं झिजतील.