परिक्रमेला निघताना घराचाही विचार करावा

नर्मदेची पायी परिक्रमा एकट्याने करायचे तुम्ही ठरवले आहे आणि सामानाची यादी मागितली आहे. ती लहानच ठेवा, कारण सदावर्तात (परिक्रमावासीयांना मोफत अन्न देणाऱ्या ठिकाणी) शिधा मिळतो, आश्रमात मुक्कामाचे आसन लावता येते आणि पाठीवरचे ओझे शूलपाणीच्या झाडीतील (वाटेवरच्या डोंगराळ जंगलातील) चढांवर फार जाणवते. ओंकारेश्वरहून निघून नदी उजव्या हाताला ठेवायची, नदीच्या मुखाजवळील कठपोरहून नावेने पलीकडच्या तटावरील मिठीतलाईला उतरायचे आणि उत्तर तटाने नर्मदेचे उगमस्थान अमरकंटक गाठायचे, हा क्रम तुम्हाला ठाऊक असेलच. चातुर्मासात एका जागी थांबण्याची प्रथा पाळलीत, तर वर्ष सहज सरते.

माझे खरे सांगणे घराविषयी आहे. बँकेचे व्यवहार, वीजबिल, आईवडिलांची औषधे ही कामे निघण्यापूर्वी एकेका माणसाला नेमून द्या. ‘बघेल कोणीतरी’ म्हणून सोडलेले काम वाटेवरचे बडवानी गाव येण्याआधीच मनाला टोचू लागते. परतल्यावर पहाटे चारला जाग येईल, पंख्याखाली झोप लागणार नाही आणि भेटायला येणारा प्रत्येकजण अनुभव विचारील. अशा वेळी घरच्यांचेही एक वर्ष गेले आहे, हे विसरू नये. त्यांनी एकट्याने काढलेली आजारपणे, टाळलेली लग्नकार्ये आधी नीट ऐकून घ्यावीत, मग आपले सांगावे. (सुनेला किंवा भावाला आश्रमातील सेवेचे दाखले देणे तर कटाक्षाने टाळावे.)

वाटेत रोज मुक्कामाचे गाव आणि जेवू घालणाऱ्याचे नाव वहीत लिहा. पुढे ती वाचताना ज्यांचे पत्ते सापडतील, त्यांना पोस्टकार्ड टाका.