वाचक विचारतात : नजर अधू, शर्यत बर्फावरची

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची. जन्मापासून नजर अधू, चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसत नाही. बेळगावला रोलर स्केटिंग शिकते. टीव्हीवर अंध खेळाडूंची स्की शर्यत (पायाला लांब पट्ट्या लावून बर्फाच्या उतारावरून घसरायची) पाहिल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाही. तिचा भाऊ पुढे राहून तिला नेऊ शकेल का? — एक पालक, निपाणी

उत्तर : भाऊ चालेल. २०२२च्या बीजिंग हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये सुपर-जी या वेगवान स्की शर्यतीचं सुवर्ण जिंकणाऱ्या ब्रिटनच्या नील सिम्पसनचा गाइड, म्हणजे पुढे राहून वाट सांगणारा, त्याचा भाऊ अँड्र्यूच होता, आणि पदक गाइडलाही मिळतं. मात्र गाइडचं स्कीइंग तिच्यापेक्षा सरस हवं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. तिच्या पुढे, तिच्याच वेगानं जायचं, पुढची दारं (ज्यांतून जावं लागतं ते खांब) पाहायची आणि तोंडानं सांगत राहायचं. ती सुधारली आणि तो होता तिथेच राहिला, तर जोडी मोडते. तेव्हा शिकायला दोघांना पाठवा.

बोलणं हेल्मेटमधल्या ब्लूटूथ संचावरून होतं. ताशी ८० किलोमीटर वेगात सेकंदाला २२ मीटर मागे पडतात, म्हणून 'आता जरा डावीकडे घे' म्हणेपर्यंत दार निघून गेलेलं असतं. शब्द आखूड, ठरलेले हवेत आणि वळणाच्या आधी यायला हवेत. 'डावं-उजवं' म्हणा की कन्नड 'एड-बल' (सीमाभागातल्या पोरांना दोन्ही येतं), पण शब्दांची एकच जोडी पक्की करा. थंडीत बॅटरी भराभर उतरते, वाऱ्यात शब्द विरतात. आवाज तुटला की थांबायचं, हे आधीच ठरवून ठेवा. शर्यतीत गाइडनं हात धरायचा नसतो, आणि तो नियमापेक्षा जास्त पुढे निघून गेला तरी जोडी बाद होते.

तिला जे थोडं दिसतं तेही वापरा. कोणता रंग आधी नजरेत भरतो ते अंगणातच तपासा आणि भावाला त्याच रंगाचं जॅकेट घ्या.

पण सगळ्यात आधी नेत्रतज्ज्ञाकडे पडद्याची तपासणी. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात आपटल्यानं पडदा सुटण्याचा धोका असतो. चष्म्यासह नजर ६/६० (इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून कमी असेल तर ती पात्रतेत बसते. तरी यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) तिथे पुरत नाही, स्पर्धेचे वर्गीकरण तज्ज्ञ स्वतः डोळे तपासतात.

स्केटिंग वाया जात नाही. इनलाइन स्केट मिळाले तर उत्तम. सपाट जागेत चार-पाच मीटरवर शंकू मांडा. भाऊ पुढे, ती मागे, फक्त आवाजावर. उतारावर घाई नको, कारण स्कीसारखं आडवं घसरत थांबणं चाकांवर सहजी जमत नाही.

बर्फासाठी मनालीजवळचं सोलंग किंवा काश्मीरातलं गुलमर्ग, साधारण जानेवारी ते मार्च. सोलंगसाठी बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीचं निजामुद्दीन, पुढे मनालीची बस. स्की शिकवणाऱ्या संस्थेत प्रवेश घेण्याआधी तिच्या नजरेबद्दल लेखी कळवा. भाड्याचे बूट मोठे घेऊ नका. आत एकच पातळ मोजा. बाइंडिंगचा (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीचा) आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावतात. घट्ट राहिलं तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. सैल राहिलं तर स्की वळणातच निसटते.

पोटापाण्याचं म्हणाल, तर शाळा सोडू देऊ नका. मोठ्या शर्यती बहुतेक युरोपात, आणि खर्च दोघांचा.

प्रश्न : अंधांच्या स्की शर्यतीत कुणाला थोडं दिसतं, कुणाला काहीच नाही. मग निकाल कसा लावतात? — एक वाचक, खानापूर

उत्तर : घड्याळातल्या वेळेला गुणांकानं गुणतात. पूर्ण अंध खेळाडूचा गुणांक ०.८० धरू (आकडे केवळ उदाहरणाचे). तिला ७० सेकंद लागले तर निकालात ५६ येतात. थोडं दिसणारीचा ०.९५ असेल आणि तिला ६० लागले, तर ५७. दहा सेकंद उशिरा पोचूनही पहिली जिंकली. गुणांक नजरेच्या वर्गानुसार आणि शर्यतीच्या प्रकारानुसार बदलतो. शिवाय पूर्ण अंधांच्या वर्गात सगळ्यांना काळा, झाकलेला गॉगल लावावा लागतो, म्हणजे कुणाला चुकून उजेड दिसत असला तरी फरक पडत नाही.