आजेसासूबाईंचा टमाटर: देशी की परदेशी?

प्रश्न (महू तालुक्यातील एक ताई): आमच्याकडे आजेसासूबाईंच्या वेळेपासूनचा चपटा, चुण्या पडलेला आंबट टमाटर आहे. हा अस्सल देशी का? मूळ कुठलं, कसं शोधावं? यंदा काही झाडांना गोल फळं लागली. बी बिघडलं का?

उत्तर: ताई, टमाटर मुळात इथला नाहीच. त्याचे रानटी भाऊबंद पेरू-इक्वाडोरकडचे, लागवडीला रुळला मेक्सिकोत, आणि आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांमुळे. पण तीन पिढ्या तुमच्या घरानं बी धरलं, म्हणून मी त्याला देशीच म्हणेन.

मूळ शोधायचं तर आधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. आजेसासूबाईंचं माहेर कुठलं? बी लग्नात आलं, की शेजारणीनं दिलं? सांगणाऱ्याच्या नावासह वहीत लिहा. ऐकीव ते ऐकीव म्हणूनच. याचं एक उदाहरण सांगतो: अमेरिकेत १९९० साली टेनेसी राज्यातल्या जॉन ग्रीन यांनी टमाटरचे जुने वाण जपणाऱ्या क्रेग लेहूलिए यांना टपालानं थोडं बी पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत होतं की शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या मूळनिवासी चेरोकी लोकांनी हे बी शेजाऱ्यांना दिलं होतं. त्यावरूनच वाणाचं नाव पडलं, ‘चेरोकी पर्पल’. हकिकत ऐकीवच, पण चिठ्ठी नसती तर तेवढीही उरली नसती.

आता गोल फळं. टमाटरचं फूल सहसा आपल्याच परागावर फळतं. मात्र चपट्या जुन्या वाणांत स्त्रीकेसर कधी बाहेर डोकावतो आणि माशी शेजारच्या संकरित झाडाचा पराग आणते. ही भेसळ पुढच्या वर्षी दिसते, म्हणून तुम्हाला आत्ता कळली. (बी घरातच मिसळलं नाही ना, तेही पाहा.) गोल फळं खुशाल भाजीत घाला, त्यांचं बी धरू नका. चपट्या झाडांच्या घोसाला कळी उमलण्याआधी मलमलची पिशवी बांधा, रोज सकाळी हलकी टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी काढून खुणेचा दोरा बांधा.

पाच-सहा निरोगी झाडांची पूर्ण पिकलेली फळं घ्या. गर बियांसकट दोन-तीन दिवस आंबवा. जास्त राहिला तर भांड्यातच मोड येतील. धुऊन ताटलीत सावलीत वाळवा, वर्तमानपत्रावर नको, चिकटतं. कोरडं ठेवलेलं बी चार वर्षं सहज उगवतं. तंबाखू मळलेल्या हातानं रोपाला शिवू नका, विषाणू पसरतो.

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं घरचं बी राखायला, वाटायला, ब्रँडशिवाय विकायलाही मुभा आहे. तेव्हा मूठभर बी दुसऱ्या गावच्या जावेकडे ठेवायला द्या. आमच्या कार्यालयात याल तेव्हा एक चपटं आणि एक गोल फळ घेऊन या, कापून पाहू.